जिंकलेला डावही तपासावा: बुद्धिबळात स्वतःच्या डावांचे विश्लेषण कसे करावे

बुद्धिबळाच्या स्पर्धांत नव्याने उतरलेला खेळाडू बहुधा हरलेला डाव प्रशिक्षकासमोर ठेवतो आणि जिंकलेला डाव मित्रांना दाखवतो. पहिल्यात चुका शोधल्या जातात, दुसऱ्याचे कौतुक होते, आणि खेळलेल्या डावांपैकी मोठ्या वाट्यातून काही शिकायचे राहूनच जाते. डावाचा निकाल दोघांच्या चालींवर ठरतो. त्यातल्या आपल्या चाली कशा होत्या हे निकालावरून कळत नाही, कारण समोरच्याने आपली चूक पकडली नाही तर ती चूक विजयाच्या आड दडून राहते आणि पुढच्या डावात पुन्हा हजर होते. प्रत्येक डाव, मग तो जिंकलेला असो, हरलेला असो वा बरोबरीत सुटलेला, एकाच शिस्तीने कसा तपासावा हे येथे पायरीपायरीने मांडले आहे.

हे केवळ नवशिक्यांच्या बाबतीत घडते असे नाही. २०१४ साली सोची येथे मॅग्नस कार्लसन आणि विश्वनाथन आनंद यांच्यात जगज्जेतेपदाचा सामना झाला. सहाव्या डावाआधी गुण २.५–२.५ असे समसमान होते. त्या डावात पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या कार्लसनने २६व्या चालीला राजा डी२ या घरात नेला (घराच्या नावात अक्षर उभ्या रांगेचे, आकडा आडव्या रांगेचा). काळ्याने घोड्याने ई५ वरचे प्यादे मारले असते, तर घोडा जी६ वरून हलताच काळ्या हत्तीचा रोख जी४ वरच्या पांढऱ्या हत्तीवर आला असता. पांढऱ्याने हत्तीने हत्ती मारला, तरी घोड्याला सी४ वरचे प्यादे शह देत मिळाले असते आणि हिशेब पुरा होईपर्यंत काळा दोन प्याद्यांनी वरचढ झाला असता. आनंदने मात्र प्यादे ए४ वर नेले, संधी गेली आणि डाव कार्लसनने जिंकला. पुढे सामनाही त्याने ६.५–४.५ असा खिशात घातला. डावातली सर्वांत गंभीर चूक, निदान आधीची चूक, विजेत्याची होती. गुणतक्त्यात मात्र कार्लसनच्या नावापुढे पूर्ण गुण लागला, आणि केवळ तो तक्ता पाहणाऱ्याला २६व्या चालीला काय झाले याचा पत्ताही लागणार नाही.

पहिली पायरी: डाव कागदावर उतरवणे

जो डाव लिहिलेला नाही, त्याचे विश्लेषण होत नाही; होते ती केवळ आठवणींची उजळणी, आणि जिंकलेल्या डावाच्या आठवणी फार लवकर गोड होतात. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, म्हणजे फिडेच्या, नियमांनुसार दीर्घ वेळेच्या डावांत चाली लिहिणे बंधनकारकच आहे. चाल आधी पटावर करायची आणि मग लिहायची, असा क्रमही नियमाने घालून दिला आहे. घड्याळात पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला असेल आणि प्रत्येक चालीला किमान ३० सेकंदांची भर मिळत नसेल, तर लिहिण्यातून सूट मिळते. नेमक्या याच घाईच्या टप्प्यात सर्वाधिक चुका होत असल्याने डाव संपताच, प्रतिस्पर्धी समोर असतानाच, त्या उरलेल्या चाली आठवून पूर्ण कराव्यात.

चालींच्या बाजूला घड्याळात उरलेला वेळही अधूनमधून लिहावा. नियमांत त्याला मुभा आहे. मनातले विचार मात्र डाव चालू असताना लिहिता येत नाहीत. ते डाव संपल्यावर, शक्यतो तासाभराच्या आत, वेगळ्या कागदावर टिपून ठेवावेत. १७व्या चालीला आपण कशाला घाबरलो होतो, कोणती चाल करायचे मनात आणून सोडून दिले, प्रतिस्पर्ध्याची कोणती चाल आल्यावर धक्का बसला, एवढे पुरते. हे टिपण नसेल तर दुसऱ्या दिवशी आपणच आपल्याला असे पटवून देतो की सगळे आधीच दिसले होते.

दुसरी पायरी: प्रतिस्पर्ध्याशी बोलणे

डावानंतर दोघांनी मिळून तो पुन्हा पटावर मांडून पाहण्याची बुद्धिबळात जुनी प्रथा आहे. खेळाडू त्याला सरळ पोस्टमॉर्टेम म्हणतात. समोरच्याची तयारी असेल तर ही संधी सोडू नये, आणि जिंकलेल्याने तर मुळीच सोडू नये. आपण ज्या चालीवर खूश आहोत, तिच्यावर समोरच्याला एक साधे उत्तर दिसले होते आणि भीतीपोटी त्याने ते खेळले नाही, असे अशा बोलण्यातून अनेकदा निघते. जिंकलेल्या खेळाडूने येथे कमी बोलावे. आपलीच चाल बरोबर होती हे सिद्ध करण्याचा मोह अनावर होतो आणि समोरचा, आधीच हरल्यामुळे, वाद घालत नाही. मग त्या पंधरा मिनिटांतून हाती काही लागत नाही. ‘इथे तुम्ही काय खेळणार होता?’ हा एकच प्रश्न चार-पाच ठिकाणी विचारला तरी काम होते.

तिसरी पायरी: इंजिनाविना पहिली तपासणी

आजकाल डाव संपल्याबरोबर तो संगणकात घालून चुकांवरच्या लाल खुणा मोजण्याची सवय लागलेली आहे. स्टॉकफिशसारखे इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणकीय कार्यक्रम, मोफत मिळते आणि ते कोणत्याही माणसापेक्षा बलवान आहे, म्हणून ही सवय शहाणपणाची वाटते. प्रत्यक्षात तिने तोटाच होतो. चूक कुठे आहे हे यंत्राने दाखवले की ती शोधण्याचा व्यायाम बुडतो, आणि पटावर बसल्यावर तर हाच शोध एकट्याने घ्यायचा असतो. म्हणून पहिली तपासणी खऱ्या पटावर, हाताने मोहरे हलवत करावी.

डाव सुरुवातीपासून खेळत जावे आणि स्थिती कुठे पालटली असे वाटते तिथे खूण करावी. अशा तीन-चार जागा पुरेशा असतात. प्रत्येक जागी थांबून आपण केलेल्या चालीखेरीज आणखी कोणत्या दोन चाली शक्य होत्या ते लिहावे, त्यांवर समोरच्याचे सर्वांत त्रासदायक उत्तर काय असते ते शोधावे आणि आपले मत थोडक्यात नोंदवावे. मत चुकीचे असले तरी चालेल. पुढे यंत्राशी ताडून पाहताना हीच चुकीची मते सर्वांत उपयोगी पडतात.

या तपासणीच्या वेळी निकाल शक्य तितका विसरावा. हे सांगणे सोपे आहे, करणे अवघड. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी या संशोधकांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना वैद्यकीय निर्णयांची वर्णने वाचायला दिली होती. निर्णय तोच आणि त्यावेळी हाती असलेली माहितीही तीच, तरी परिणाम चांगला झाल्याचे वाचले की लोक त्या निर्णयाला अधिक चांगला ठरवत. पटावरही हेच होते. मोहऱ्याचा बळी देऊन जिंकलो तर तो बळी धाडसी ठरतो. हरलो तर तोच अविचार ठरतो. चालीची पारख ती करतेवेळी पटावर जे दिसत होते त्यावरून करायची असते.

चौथी पायरी: जिंकलेला डाव

येथे थोडे रेंगाळायला हवे, कारण नवोदितांकडून सर्वाधिक दुर्लक्ष इथेच होते.

एक अगदी छोटा डाव घेऊ. पांढऱ्याने ई४, काळ्याने ई५. पांढऱ्याने वजीर एच५ वर आणला, काळ्याने घोडा सी६ वर आणून ई५ च्या प्याद्याला आधार दिला. पांढऱ्याने उंट सी४ वर आणला. आता एफ७ या घरावर वजीर आणि उंट असा दुहेरी रोख आहे. काळ्याला वजीर हुसकावून लावावासा वाटला म्हणून त्याने घोडा एफ६ वर आणला आणि वजिराने एफ७ वरचे प्यादे मारून मात केली. चार चालींत डाव संपला. हा डाव जिंकणारे मूल पुढचे सहा महिने प्रत्येक डावाची सुरुवात वजीर बाहेर काढून करते, आणि त्याला तसे करण्यापासून परावृत्त करणे प्रशिक्षकाला जड जाते, कारण मुलापाशी पुरावा असतो: ते जिंकले आहे.

आता हाच डाव तिसऱ्या चालीपासून काळ्याच्या बाजूने पाहावा. घोड्याऐवजी काळ्याने जी६ असे प्यादे पुढे केले तर? वजिराला हटावेच लागते. तो एफ३ वर आला तर एफ७ वर पुन्हा माताची धमकी उभी राहते, पण आता काळा घोडा एफ६ वर आणून वाट अडवतो. हिशेब मांडावा. काळ्याचे दोन्ही घोडे बाहेर आले आहेत आणि एफ८ चा उंट जी७ वर बसवण्याची सोय झाली आहे. पांढऱ्याच्या चारपैकी दोन चाली वजिराच्या पळापळीत गेल्या आहेत, आणि जी१ च्या घोड्याला ज्या एफ३ घरात यायचे होते ते घर वजिरानेच अडवले आहे. पांढरा हरलेला नाही, पण पहिली चाल आपली असण्याचा फायदा त्याने घालवला आहे. जिंकलेल्या डावाचे विश्लेषण म्हणजे मुख्यतः एवढेच: पट फिरवावा, प्रतिस्पर्ध्याच्या खुर्चीत बसावे आणि त्याच्यासाठी सर्वोत्तम बचाव शोधावा. तो सापडला आणि त्यापुढे आपली योजना टिकली नाही, तर विजय खरा असला तरी योजना कच्ची होती असे वहीत लिहावे.

मोठ्या डावात हीच पद्धत तीन ठिकाणी लावावी. पहिले ठिकाण म्हणजे आपण वरचढ झालो ती जागा. तिथे आपल्या चालीने काही घडले की समोरच्याने घोडा फुकट दिला, हे प्रामाणिकपणे ठरवावे. फुकट मिळालेला घोडा घेणे हे काही कौशल्य नव्हे. मात्र त्याआधी दहा चाली आपण त्याच्यावर दबाव आणत होतो आणि त्या ताणाखाली त्याची चूक झाली असेल, तर श्रेय आपलेच आहे. दुसरे ठिकाण म्हणजे आपण आशेवर खेळलेली प्रत्येक चाल, म्हणजे ‘त्याला हे दिसले नाही तर मी जिंकतो’ अशा हिशेबाने केलेली चाल. समोरच्याला ते दिसले असते तर आपली स्थिती आधीपेक्षा वाईट झाली असती काय, हे तपासावे. वाईट झाली असती तर तो जुगार होता, आणि तो लागला म्हणून त्याची गणना चालीत होत नाही.

तिसरे ठिकाण सर्वांत जास्त चकवते. एका हत्तीने किंवा उंटाने वरचढ झाल्यानंतर डाव प्रत्यक्ष जिंकायला किती चाली लागल्या आणि मधल्या काळात फायदा वाढत गेला की कमी होत गेला, हे पाहावे. फायदा मिळाला की खेळाडू सैलावतो, समोरच्याच्या धमक्या पाहणे थांबवतो आणि डाव आपोआप संपेल असे समजतो. मोहऱ्यांची अदलाबदल करून डाव सोपा करणे, आपला राजा सुरक्षित ठेवणे, समोरच्याला शह देण्याच्या जागा मिळू न देणे ही कंटाळवाणी कामे तो टाळतो. अखेर डाव जिंकलाच गेला तर हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. वीस चालींत संपायला हवा तो डाव पन्नास चाली चालला आणि त्यात दोनदा समोरच्याला सुटकेची वाट मिळाली होती, ही नोंद कोणत्याही पराभवाइतकी मोलाची आहे.

जिंकलेल्या डावातले चांगले निर्णयही लिहून ठेवावेत, पण कारणासह. ‘किल्लेकोट (राजाला हत्तीच्या आड नेणारी चाल) लवकर केला म्हणून पटाचा मध्य उघडता आला’ अशी नोंद पुढे वापरता येते; ‘मस्त खेळलो’ या नोंदीचे काही करता येत नाही.

पाचवी पायरी: हरलेला डाव

हरलेल्या डावात उलटा धोका असतो. सगळेच वाईट दिसते आणि दोष शेवटच्या घोडचुकीवर ढकलला जातो. ३४व्या चालीला हत्ती गेला म्हणून हरलो, असे खेळाडू सांगतो. तो हत्ती का गेला हे पाहायला मागे जावे लागते. अनेकदा असे निघते की २०व्या चालीच्या आसपास राजासमोरची प्यादी विनाकारण पुढे ढकलली गेली, मग प्रत्येक चालीला शहाची काळजी करावी लागली, विचारात वेळ गेला आणि तीन मिनिटे उरली असताना हत्ती दिसला नाही. म्हणून हरलेला डाव शेवटाकडून सुरुवातीकडे तपासावा. डाव सोडला तिथून एकेक चाल मागे घेत, ‘इथे मी अजून लढू शकत होतो’ असे म्हणता येईल अशा शेवटच्या स्थितीपर्यंत यावे. शिकण्याचे काम त्या स्थितीपासून सुरू होते.

डाव सोडण्याचा निर्णयही तपासाबाहेर ठेवू नये. १९९७ साली डीप ब्लू या संगणकाविरुद्धच्या सामन्यातील दुसरा डाव तेव्हाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याने सोडला, आणि नंतरच्या विश्लेषणात सतत शह देऊन बरोबरी साधण्याची वाट पुढे आली. संगणकाला सगळे दिसतच असणार, हे गृहीत धरल्याचा तो परिणाम असावा असे मानायला जागा आहे. समोरच्याच्या नावाला किंवा गुणांकनाला घाबरून नवोदित खेळाडू असेच डाव सोडतात.

याच पायरीत एक पथ्य पाळावे. पराभव झाला म्हणून ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींची ठरलेली पद्धत, बदलू नये. नवोदितांची ही फार जुनी खोड आहे: एका पराभवानंतर सिसिलियन सोडून फ्रेंच, दुसऱ्यानंतर फ्रेंच सोडून आणखी काही. पहिल्या दहा-बारा चालींनंतर स्थिती समसमान असेल तर ओपनिंगने तिचे काम केले आहे, दोष पुढे शोधावा. चांगल्या योजनेला बलवान प्रतिस्पर्ध्याने अधिक चांगले उत्तर दिले, असेही घडते. अशा डावात आपल्या चाली तशाच ठेवून फक्त ते उत्तर शिकून घ्यायचे असते.

हरल्याच्या दिवशीच निवाडा करू नये. त्या दिवशी चाली आणि विचार टिपावेत, तपासणी दुसऱ्या दिवशी करावी. खरे म्हणजे जिंकल्याच्या दिवशीही हेच करावे.

सहावी पायरी: आता इंजिन

आपली मते लिहून झाल्यावर इंजिन सुरू करावे. ते स्थितीचे मूल्य आकड्यात सांगते, आणि ढोबळमानाने अधिक १ म्हणजे पांढऱ्याची सरशी एका प्याद्याइतकी आहे असे समजतात. नवोदिताने ०.३ आणि ०.६ यांतल्या फरकाच्या मागे लागू नये. मूल्य एकदम दीड-दोनने पालटते त्या जागा पाहाव्यात आणि आपण केलेल्या खुणांशी ताडाव्यात. आपण जिथे खूण केली नव्हती तिथे मूल्य पालटले असेल, तर ती जागा आपल्या अंधारात होती. इंजिनाने सुचवलेली चाल का चांगली आहे हे समजेपर्यंत तिच्यापुढच्या चाली पटावर खेळून पाहाव्यात. न समजलेली चाल पाठ करून काही साधत नाही.

लिचेस आणि चेस डॉट कॉम यांसारख्या संकेतस्थळांवर डावानंतर अचूकतेची टक्केवारी दाखवली जाते. ती पाहून सुखावू नये, खचूही नये. समोरच्याने पाचव्या चालीला वजीर गमावला तर उरलेला डाव सोपा होतो आणि टक्केवारी सहज वर जाते. अटीतटीच्या, गुंतागुंतीच्या डावात उत्तम खेळूनही ती कमी येऊ शकते.

सातवी पायरी: चुकांची वही

प्रत्येक डावातून जास्तीत जास्त दोन नोंदी वहीत जाव्यात. दहा नोंदी केल्या तर एकही लक्षात राहत नाही. नोंदीत स्थितीचे छोटे चित्र, केलेली चाल, हवी असलेली चाल आणि चुकीचा प्रकार असावा. समोरच्याची धमकी दिसली नाही, स्वतःची संधी दिसली नाही, चाली बरोबर मोजल्या पण शेवटच्या स्थितीचे मूल्यमापन चुकले, घड्याळाकडे लक्ष नव्हते, फायदा मिळाल्यावर ढिलाई झाली, हे प्रकार बहुतेकांना पुरतात. निकाल नोंदीत लिहू नये. तो कोपऱ्यात छोट्या खुणेने ठेवावा, म्हणजे पंधरा-वीस डावांनंतर एक तुलना करता येते: जिंकलेल्या आणि हरलेल्या डावांतल्या चुकांचे प्रकार वेगळे आहेत की तेच आहेत? बहुतेकांच्या वहीत ते तेच निघतात, फरक एवढाच की काही वेळा समोरच्याने त्यांची किंमत वसूल केली आणि काही वेळा केली नाही.

जो प्रकार वारंवार दिसेल त्यावरच सराव बेतावा. धमक्या दिसत नसतील तर रोज थोडी कोडी सोडवावीत, पण प्रत्येक कोड्यात आधी समोरच्याला काय करायचे आहे ते सांगून मगच आपली चाल शोधावी. वेळेची टंचाई होत असेल तर डावाच्या कागदावरील वेळेच्या नोंदी काढून सर्वाधिक मिनिटे कोणत्या चालींवर गेली ते पाहावे. तो वेळ सहसा दोन सारख्याच चांगल्या चालींमध्ये निवड करण्यात गेलेला असतो.

आठवी पायरी: दुसऱ्याची नजर

स्वतःच्या चुका पूर्णपणे स्वतःला दिसत नाहीत. माजी जगज्जेता मिखाईल बोत्विनिक आपल्या डावांची विश्लेषणे प्रसिद्ध करण्यावर भर देत असे, म्हणजे इतरांना त्यांतल्या त्रुटी काढता येतील. नवोदिताने छापण्याची गरज नाही; आपल्याहून थोड्या बलवान खेळाडूला महिन्यातून दोन डाव दाखवले तरी चालेल. एक डाव जिंकलेला आणि एक हरलेला निवडावा. दोन्हींच्या कागदावरून नावे आणि निकाल काढून टाकावेत, शेवटच्या आठ-दहा चाली झाकाव्यात, आणि आपण पांढऱ्यांनी खेळलो की काळ्यांनी हेही सांगू नये. नाहीतर तपासणाराही, आपल्याला बरे वाटावे म्हणून, जिंकलेल्या बाजूच्या चालींना मान डोलावत जातो.